सव्वाआठचे मामा

रॉक बँड म्हटल्याबरोबर तुमच्या डोळ्यांपुढं काय आलं ते मी सांगू? खांद्यापर्यंत केस, काळे टी-शर्ट, स्टेजवर धूर, एक जण गिटार आपटतोय आणि पहिल्या रांगेत एक मुलगी रडतेय. पुसून टाका. आमचे केस कॉलेजच्या सरांनी कापायला लावले होते. गिटार एकच होती, ती आम्ही झोपलेल्या बाळासारखी उचलायचो. आणि रडणारी मुलगी सोडा, बघणारी पण कोणी नव्हती. धूर होता, पण तो जीपचा.

आता तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्या माणसाचं व्यक्तिचित्र आहे, म्हणजे शेवटी माणूस वारणार आणि लिहिणारा डोळे पुसणार. कोणी वारत नाही. ज्यांच्याबद्दल सांगतोय ते मामा ठणठणीत आहेत. तुम्ही हे वाचताय त्या मिनिटाला ते जव्हारमध्ये कुठंतरी उभे असतील. उभेच. स्टिअरिंग सोडून दुसऱ्या कशापुढं बसलेले मामा मी तरी बघितलेले नाहीत.

मामा म्हणजे माझे नात्यातले कोणी नव्हेत. एसटीच्या ड्रायव्हरला सगळा तालुका मामा म्हणतो, तसले मामा. एकतीस वर्षं त्यांनी आमच्याकडचा घाट चालवला. रिटायर झाले, हार-नारळ झाला, घरी आणून सोडलं. मामी सांगतात, तिसऱ्या दिवशी त्यांनी ओटीपासून मोरीपर्यंत इतक्या फेऱ्या मारल्या की मामींना घरात बसून गाडी लागली. "बसा ओ जरा," मामी म्हणायच्या, "मला मळमळतंय तुमच्याकडं बघून." चहा उभ्यानं. जेवण ओट्यापाशी उभ्यानं. पेपर फ्रिजवर पसरून उभ्यानं. टीव्हीवर सिरियलमधली बाई गाडी चालवायला लागली की इकडं मामांचा उजवा पाय लादी दाबायचा. "अगं वळण हाय! दाब, दाब की बाई!"

शेवटी मामीच म्हणाल्या, घ्या बाबा एक गाडी, पण घराबाहेर पडा.

मग आली जीप. जुनी, पुढच्या एका दिव्याला डोळा आल्यासारखी. जव्हार, मोखाडा, खोडाळा आणि परत. आता आमच्याकडच्या जीपचा कायदा सगळ्यांना माहीत आहे. जीप भरल्याशिवाय सुटत नाही. आणि ती कधी भरतच नाही. "एकच शीट, एकच शीट" म्हणत अर्धा तास जातो. पुढं चार, मधे पाच, मागं किती ते मोजायचं नसतं, आणि ज्याला फारच घाई असेल त्यानं मागच्या फळीवर एक पाय ठेवून लोंबकळायचं.

मामांची जीप सव्वाआठला सुटायची. भरो न भरो. एकदा मी स्वतः बघितलंय, आत एक म्हातारी, तिच्या पाटीत दोन कोंबड्या, आणि मामा हातातल्या घड्याळाकडं बघत दारापाशी उभे. स्टँडवरचे बाकीचे ड्रायव्हर हसून लोळायचे.

"मामा, कोंबड्यांचं हाफ तिकीट काढलं काय?"

"मामा, कंट्रोलर सायबाची सही घेतली का?"

मामांचं लक्ष घड्याळात. मोठा काटा तीनवर आला की आत बसायचे, शर्टाची कॉलर नीट करायचे, आणि वाट बघायचे. कशाची? घंटीची. कारण मामांनी जीपमध्ये खरीखुरी एसटीची घंटी बसवली होती. पार मागच्या दारापासून छताखालून एक दोरी, मामांच्या डोक्यावरून पुढं. मागं जो बसेल त्यानं दोरी दोनदा ओढायची. टिंग टिंग. मग गाडी हलणार. एकदा ओढली की थांबणार, पण तेही थांबा असेल तिथंच. त्या दिवशी त्या म्हातारीलाच मागं वळून म्हणाले, "आजी, घंटी द्या." म्हातारी म्हणाली, "मी कशी देऊ? तुझी गाडी, तू जा ना." मामा म्हणाले, "माझ्या मनानं गाडी हलत नाय." शेवटी तिनं दोरी ओढली आणि मोखाड्यापर्यंत हसत गेली.

मी विचारलं होतं त्यांना, मामा, आरशात दिसतंय की सगळं, घंटी कशाला? तर म्हणाले, "पुढचं माझं, मागचं कंडक्टरचं. डबल मिळाली की मागं बघायचं नाय, रस्ता बघायचा. मागं बघणारा ड्रायव्हर दरीत जातो." आणि मग छाती जराशी वर करून ते वाक्य, जे मी पन्नासदा ऐकलं असेल आणि शंभरदा त्यांच्या आवाजात करून दाखवलं असेल: "एकतीस वर्षं. माणूस मागं ठेवला नाय."

आवाज काढणं हा माझा धंदाच होता. मुख्याध्यापक, तलाठी, दीपकची आई, बकरी, थंडीत सुरू न होणारं डिझेल इंजिन, सगळं. मामांना स्वतःची नक्कल फार आवडायची. "पुन्हा कर," म्हणायचे. मग ऐकून झाल्यावर, "इतका घोगरा नाय माझा आवाज. हो गं?" आतून मामी, "त्याच्यापेक्षा घोगरा हाय."

आता बँड. आम्ही तिघं, पाचवीपासून एका बाकावरचे. दीपक गिटार. केशव ड्रम. मी गाणार, कारण तिसरं काही उरलं नव्हतं. ड्रमसेट म्हणजे नाशिककडच्या एका मोडलेल्या लग्नाच्या बँडचं सामान, एक मोठा, एक छोटा, एक थाळी, ती पण तडकलेली. म्हणून थाळीचा आवाज मी तोंडानं काढायचो, "त्श्शऽऽ", आणि पुढच्याच्या मानेवर थुंकी उडायची. नाव ठेवलं थंडर. गाणी मोबाइलवरून उचलायची, शब्द आमचे घालायचे.

वाजवायचं कुठं हा प्रश्न होता. दीपकच्या घरी त्याच्या आजोबांना कानाचं मशीन होतं, आम्ही सुरू केलं की ते काढून खिशात ठेवायचे आणि मग दिवसभर कोणाचंच ऐकायचे नाहीत. कॉलेजात विचारायची सोय नव्हती. आणि मामांच्या घराशेजारची पत्र्याची शेड सव्वाआठ ते चार रिकामी असायची. जीप फिरतीवर, शेड मोकळी. मामा एका वाक्यात हो म्हणाले. अट एकच, चारला हॉर्न वाजला की जमीन साफ पाहिजे. पावणेचारला आम्ही असे पळायचो की जणू धाड पडलीय. ऑइलच्या काळ्या डागावर ड्रम ठेवायचा, ती केशवची जागा. त्याच्या सगळ्या पँटी तिथं काळ्या झाल्या.

केशव मोखाड्यापुढच्या पोशेऱ्याचा, जव्हारला होस्टेलवर राहायचा. घरात ढोल, बाप ढोल वाजवतो, आजा वाजवायचा. हात म्हणजे हात होता त्याचा. पण एक रोग होता, गाणं सुरू केलं की तो पळायचा. पहिल्या कडव्याला चालतोय, दुसऱ्याला धावतोय, तिसऱ्याला मी शब्द गिळतोय, दीपकची बोटं सोलतायत, आणि शेवटी तिघं वेगवेगळ्या वेळी संपतोय.

एक दिवस मामांची दुपारची फेरी रद्द झाली, ते लवकर आले. शेडच्या दारात उभे राहून पूर्ण गाणं ऐकलं. आम्हाला वाटलं, गेली शेड. मामा केशवला म्हणाले, "उताराला न्यूट्रल मारतोस काय?"

केशव म्हणाला, "नाय मामा."

"मारतोस. गाडी हलकी पळते, बरं वाटतं, मग वळण येतं तव्हा ब्रेक लागत नाय. उतार गिअरमधी उतरायचा. दुसऱ्यात टाक नि बस. वाटू दे मागच्यांना हळू चाललीय."

हसू नका. त्या दिवसापासून केशव सुधरला. दुपारची फेरी नसली की मामा येऊन दारात उभे राहायचे, कडवं बदललं की नुसती दोन बोटं दाखवायचे, दुसरा गिअर, आणि केशव आवरायचा. पुढं पुढं मामांनी शेडमध्ये पण एक जुनी घंटी टांगली. डबल बेल, गाणं सुरू. सिंगल बेल, बंद. दुसरे बँड वन टू थ्री फोर करतात, आम्ही टिंग टिंग. मामांना सूर कळत नव्हता, ताल शब्द माहीत नव्हता, पण कोण पुढं पळतंय आणि कोण मागं राहतंय ते त्यांना पाठ फिरवून कळायचं.

तर असं करत करत आम्हाला पहिला कार्यक्रम मिळाला. खोडाळ्याच्या एका शाळेचं गॅदरिंग, दुपारी साडेबाराला, बक्षीस वाटप झाल्यावर. तिथले सर म्हणाले होते, चांगलं झालं तर आजूबाजूच्या चार शाळांत मीच सांगतो. आम्हाला ते गंमतीचं होतं, केशवला नव्हतं. त्याच्या चुलत्यानं भिवंडीला गोडाऊनमध्ये त्याची जागा बघून ठेवली होती. बारावी झाली की निघ, असं घरात ठरलेलं. बाप एवढंच म्हणाला होता, "तुझ्या त्या ढोलाला कोण बोलवतंय तं बघू. बोलवलं तं ऱ्हा, नाय तं होळी झाली का बॅग भर." म्हणजे खोडाळ्यावर त्याचं जाणं-राहणं ठरणार होतं, आणि तो गेला की थंडर गेलं.

त्या दिवशी मामांनी दुसरी फेरी आमच्यासाठी ठेवली. जव्हारहून सामान, मी आणि दीपक. केशव शनिवारी घरी गेलेला, त्याला पोशेऱ्याला घ्यायचं. रस्ताभर मामा अस्वस्थ, आमच्यापेक्षा जास्त. मोखाड्याला बाजार होता, गर्दीत दहा मिनिटं गेली तर त्यांनी घड्याळाला टिचक्या मारल्या. "साडेबारा म्हणजे सव्वाबाराला पोचायचं. ऐकू येतंय ना रे मागं?" मी त्यांच्याच आवाजात म्हणालो, "ऐकू येतंय." दीपक खिदळला.

पोशेऱ्याला केशव रस्त्यावरच उभा. नवा शर्ट, केसाला तेल, मागच्या खिशात ड्रमच्या काड्या. चढला. बसला. तेवढ्यात त्याची आई वरनं ओरडत आली, "केसू, भाकर ऱ्हायली रं!" तो उतरून चार ढांगा वर गेला. आई भाकरी देता देता शर्टाची बटणं लावायला लागली, मिरचीचं सांगायला लागली, अंगाऱ्याची पुडी काढायला लागली. ते संपेना. मामा पुढं घड्याळ बघतायत. आणि माझी जीभ, मी काय करू, माझी जीभ टाळ्याला लागली आणि बाहेर पडली:

टिंग टिंग.

खोटं सांगत नाही, इतकी चांगली मी कधीच काढली नव्हती. पितळेची वाटावी अशी. मला वाटलं केशव दचकेल, धावत येईल, आई दोन शिव्या देईल, हसू. पण मामांचा पाय. क्लच, पहिला, गेली गाडी! कॉलर सरळ, नजर रस्त्यावर, मागं बघणं नाही. मी आणि दीपक सीटवरून खाली घसरलो हसून. मागनं केशव भाकर हातात घेऊन "ओ मामा!" करत पळतोय, ते दिसलं तेव्हा तर पोटात कळ आली.

दीपक म्हणाला, "अरे बास, थांबव आता."

मी म्हणालो, "थांब ना, अजून एक वळण. मज्जा बघ."

एकाची तीन झाली. मग मी खरी दोरी एकदा ओढली. पण घाटाच्या उतारावर मामा थोडेच थांबतात? "थांबा नाय इथं!" ओरडून सांगितलं आणि खाली रस्ता रुंद होतो तिथं नीट बाजूला घेऊन थांबवली. वळून म्हणाले, "कोण उतरतंय?"

दीपक म्हणाला, "मामा, केशव राहिला."

मामांनी मागची रिकामी सीट बघितली. मग आरशात बघितलं. मग पुन्हा सीट. तो चेहरा मला काढता येत नाही. बाकी सगळे येतात.

"घंटी कोणी दिली?"

दीपक खाली बघायला लागला. मी बाहेर.

"अरे, घंटी कोणी दिली?"

मी म्हणालो, "दोरी... अडकली असेल मामा. ड्रमला."

मामांनी गाडी फिरवली आणि सरळ वर. पोशेऱ्यात केशवची आई एकटी उभी. "तो? तो तं तुमच्या मागं पळाला, खालच्या पायवाटंनं. वळणावर गाठतो म्हनला." बरोबरच आहे, आमच्याकडं गाडी चुकली की कोणी रस्त्यानं पळत नाही, डोंगर तोडून खालच्या वळणावर उभं राहतात. तो खाली गेला, आम्ही वर आलो. पुन्हा खाली. वळणावर कोणी नाही. मोबाइलला रेंज नाही. मामा प्रत्येक वळणावर थांबायचे, खाली उतरून दरीकडं तोंड करून हाक मारायचे, "केशव रेऽऽ! ओ केशवऽऽ!" एकदा म्हणाले, "पाय घसरला असला तर?" ते स्वतःशीच म्हणाले, पण मी ऐकलं. माझं हसू त्याच्या आधीच संपलं होतं.

साडेबारा वाजले, एक वाजायला आला. मी म्हणालो, "मामा, आपण खोडाळ्याला तरी जाऊ. सर वाट बघत असतील." मामा म्हणाले, "माणूस सापडल्याबिगर गाडी जात नाय. घंटी कोणी दिली?" तिसऱ्यांदा. मी दोरीकडं बघत राहिलो.

शेवटी लाकडाचा भारा घेऊन एक बाई वर येत होती, तिनं सांगितलं. "नव्या शर्टाचा पोऱ्या ना? तो मगाच गेला. फटफटीवर मागं बसला कोणाच्या."

"तू बघितला? नीट होता? पाय-बिय?"

"नीट होता. भाकर खात होता."

खोडाळ्याला पोचलो तेव्हा पावणेदोन. मुलं खिचडीच्या रांगेत, मांडवाची कनात सोडायला घेतलेली. केशव स्टेजच्या पायरीवर बसलेला. आम्हाला बघून उठला, तेलाचे केस उभे राहिलेले. दीपकनं विचारलं, काय झालं. तो म्हणाला, "काय नाय. सरांनी नाव घेतलं, थंडर बँड. गेलो वर."

"एकटा?"

"मंग? काड्या होत्या ना. टेबलावर वाजवलं थोडं. सरांनी पाण्याचा तांब्या उचलून घेतला." मग जरा हसला. "पोरं लई हसली. मंग उतरलो."

त्या सरांनी हात जोडले आणि पुढच्या वर्षी बघू म्हणाले. केशव सामान उतरवायला आला नाही, कारण उतरवायचं नव्हतंच. तो आम्हालाच म्हणाला, "चला, खिचडी हाय."

होळीनंतर तो भिवंडीला गेला. थंडर आता तो सुट्टीवर येईल तेव्हा असतं, वर्षातून दोनदा. तिकडच्या हिंदीत आम्हाला शिव्या देतो आणि दुसऱ्या गिअरमध्ये वाजवतो.

पण त्या दिवशी परत येताना पोशेऱ्याला केशवला सोडलं तेव्हा मामा स्वतः खाली उतरले. केशवच्या आईपुढं उभे राहिले, टोपी काढून. म्हणाले, "बाई, माझ्या गाडीनं तुझ्या पोराला मागं ठेवलं. चूक माझी. त्याचा कार्यक्रम माझ्यामुळं गेला, त्याच्या बापाला पण सांग." ती बिचारी, "असूं दे मामा, पोचला ना," म्हणत राहिली. मी जीपमध्ये होतो. दीपक माझ्याकडं बघत होता. मी ड्रमची दोरी सोडून पुन्हा बांधली.

जव्हारला पोचल्यावर दीपक तडक घरी गेला. मी आणि मामांनी सामान शेडमध्ये लावलं. मला वाटलं, सुटलो. मी निघालो तर मामा दारात आडवे.

"चांगली काढतोस घंटी."

मी वाकून चपलेचा पट्टा ओढायला लागलो.

"दोरी माझ्या टोपीला घासून जाते. कोणी ओढली का टोपी हलते. आज हलली नाय. पाय आधी गेला, डोकं मागनं आलं, ती माझी चूक. आरशात बघितलं नाय, ती पण माझी. दोन्ही मी त्या बाईला सांगितल्या. तिसरी माझी नव्हती, ती नाय सांगितली."

"मामा, मी फक्त मस्करी..."

"मस्करीचं मी बोलतच नाय. पोरं करतात मस्करी. मी विचारलं किती वेळा?"

"तीन."

"तीन वेळा. तो दरीत असंल म्हणून मी बोंबलतोय, नि तू दोरीचं नाव सांगतोस. तुझ्या तोंडात चाळीस माणसं ऱ्हातात, हेडमास्तर ऱ्हातो, तलाठी ऱ्हातो, बकरी ऱ्हाते, मी ऱ्हातो. त्यातला एक तरी बोलला का? बकरी तरी?" मामी आतून बाहेर आल्या, मामांनी हातानंच त्यांना थांबवलं. "उद्या सव्वाआठला गाडीत बस. पोशेऱ्याला उतर. त्याच्या आईला सांग, बापाला सांग, केशवला त्यांच्यासमोर सांग. आणि तिथं माझा आवाज काढायचा नाय. हेडमास्तरचा नाय, कोणाचाच नाय. तुझा काढायचा. हाय ना एखादा?"